तैवानमधल्या पोरांकडे पूलचे कुठले क्यू असतात आणि कमी पैशात आपण कुठला घ्यावा

परवा पुण्याहून मित्राचा मेसेज, की तू तैवानमधे राहतोस, तिथे पूलचे एवढे वर्ल्ड चॅम्पियन झालेत, मग ते लोक कुठला क्यू, म्हणजे खेळायची काठी, वापरतात ते सांग, मी तोच घेतो, बजेट दहा-बारा हजार. त्याला व्हॉट्सॲपवर लिहायला लागलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकतो, अजून कोणाला तरी उपयोग होईल.

मी शिनचूमधे पीएचडी करतोय, तिसरं वर्ष चालू आहे. युनिव्हर्सिटीपासून स्कूटरवर पाच मिनिटांवर एक पूल हॉल आहे, तळघरात, सगळी टेबलं ९ फुटी, आणि रात्री अकरानंतर तिथे जो खेळ चालतो तो बघून पहिल्या दिवशी मी नुसता उभाच राहिलो होतो. पुण्यात मी कॉलेजपासून स्नूकर खेळायचो, त्यामुळे आपल्याला बऱ्यापैकी येतं असं वाटायचं. इथे सतरा-अठरा वर्षांची पोरं नाइन बॉलचे, म्हणजे नऊ बॉलच्या पूलचे, तीन-तीन रॅक (डाव) सलग साफ करतात. उगाच नाही होत हे, या छोट्याशा बेटावर या खेळाचा इतिहासच तसा आहे. चाओ फोंग-पांग १९९३ आणि २००० असा दोनदा नाइन बॉलचा वर्ल्ड चॅम्पियन, मग २००५ ला काओश्युंगमधे घरच्या लोकांसमोर वू च्या-छिंग, वय फक्त १६, फायनलला समोर पण तैवानचाच कुओ पो-चेंग आणि स्कोअर १७-१६! मग २०१५ ला को पिन-यी, आणि त्याचा धाकटा भाऊ को पिंग-चुंग २०१९ ला टेन बॉलचा चॅम्पियन. हॉलमधले म्हातारे काका अजून २००५ च्या फायनलबद्दल असं बोलतात जसं आपल्याकडे ८३ च्या वर्ल्ड कपबद्दल बोलतात.

तर क्यू. इथली पहिली गोष्ट जी मला फार आवडली ती म्हणजे नवीन माणसाला कोणी क्यू घे म्हणतच नाही. भिंतीवर लावलेले हॉलचे क्यू असतात त्यांना 'गोंगगान' म्हणतात, म्हणजे सार्वजनिक काठी. हॉलच्या मालकीणबाईंना सगळे लाओपान्यांग म्हणतात, मी पण. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आधी गोंगगानने सहा महिने खेळ, हात सरळ जायला लागला की मग बघू. मी ऐकलं नाही. दोन महिन्यातच ऑनलाइन एक क्यू मागवला, फोटोत एकदम भारी दिसायचा, बटवर, म्हणजे मागच्या जाड भागावर, ड्रॅगन, किंमत १२०० तैवानी डॉलर, म्हणजे आपले साडेतीन हजारच्या आत. क्यूचे दोन भाग जिथे जोडतात तो जॉइंट कुठला ते लिहिलेलंच नव्हतं आणि मला पण विचारायचं सुचलं नाही. पहिले काही दिवस ठीक गेले, मग जून आला, इथला पावसाळा आणि दमट हवा म्हणजे कोकणातली आठवण यावी अशी, वर मी तो क्यू खोलीत खिडकीजवळ भिंतीला टेकवून उभा ठेवायचो. ऑगस्टपर्यंत शाफ्ट, म्हणजे पुढचा बारीक भाग, असा वाकला की टेबलवर फिरवला की टोक नाचायचं. नुसता शाफ्ट बदलू म्हटलं तर त्या जॉइंटचे आटे कुठल्याच शाफ्टला बसेनात, म्हणजे बट पण गेलं. पैशापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की त्या वाकड्या काठीशी जुळवून घेता घेता माझा स्ट्रोक बिघडला, आणि तो परत जागेवर यायला पुढचे तीन-चार महिने गेले.

आता चांगल्या खेळणाऱ्यांकडे काय असतं. मी आमच्या हॉलमधलं आणि तैपेईला दोन-तीनदा गेलो तिथलं पाहिलेलं सांगतो. जपानी माल खूप दिसतो, मेझ आणि ॲडम, आणि अमेरिकन प्रिडेटर. प्रत्येकाच्या पाठीवर लांब केस आणि त्यात एक सोडून तीन क्यू, खेळायचा वेगळा, ब्रेकचा वेगळा ज्याला 'छोंगगान' म्हणतात, आणि उडी मारायचा आखूड 'थियाओगान'. ब्रेकच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या क्यूला फिनॉलिकची (एक कडक प्लास्टिक) टिप, म्हणजे बॉलला लागणारं टोक, कारण खेळायच्या क्यूने ब्रेक करत राहिलं की मऊ टिप चपटी होत जाते. पण खरी गंमत पुढे आहे. दोन जण क्यूबद्दल बोलायला लागले की बटच्या डिझाइनबद्दल फार कोणी बोलत नाही, सगळी चर्चा पुढच्या भागाची, म्हणजे शाफ्टची. साध्या दिसणाऱ्या बटवर महागडा शाफ्ट लावलेले कितीतरी लोक पाहिले, उलटं मात्र क्वचित.

असं का ते मला स्नूकरमुळे नीट कळलं. पांढऱ्या बॉलला साइड देऊन, म्हणजे मधोमध न मारता जरा बाजूला मारलं की तो क्यूच्या रेषेत न जाता थोडा विरुद्ध बाजूला सरकतो, आणि हे सरकणं शाफ्टच्या पुढच्या काही इंचांचं वजन किती आहे त्यावर असतं. स्नूकरचा क्यू ॲशच्या लाकडाचा, टिप साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, टोक बारीक. पूलचा क्यू मेपलचा, टिप साधारण १२ ते १३, म्हणजे टोकाला लाकूड जास्त, म्हणून बॉल पण जास्त सरकतो. यावर उपाय म्हणून लाकडाच्या फाकी एकत्र चिकटवून आणि टोक आतून पोकळ करून हलके शाफ्ट बनवायला लागले, प्रिडेटरचा ३१४ त्यातला सगळ्यात माहितीतला, आणि आता कार्बन फायबर आलंय, प्रिडेटरचा रेवो २०१६ पासून, मेझचा इग्नाइट, क्युटेकचा सिनर्जी. दमट हवेत कार्बन वाकत नाही हा इथे फार मोठा फायदा आहे, पण नुसता शाफ्टच मित्राच्या बजेटच्या तीन-चार पट होतो, त्यामुळे त्याचा विचार आत्ता सोड.

माझा सध्याचा क्यू एका दुकानात बसून घेतला, ४२०० तैवानी डॉलर, आपले साधारण बारा हजारच्या आसपास. बरोबर हॉलमधला एक दागे आला होता, दागे म्हणजे मोठा भाऊ, इथे वयाने मोठ्या ओळखीच्या माणसाला असंच म्हणतात. चाळिशीचा माणूस, दिवसा फॅक्टरीत शिफ्ट, रात्री टेबलवर. त्याने ब्रँडकडे बघितलंच नाही. आधी शाफ्ट आणि बट वेगळे करून दोन्ही टेबलवर लोळवले, मग जोडून लोळवला, मग डोळ्याला लावून बंदुकीसारखा बघितला. जॉइंटवर बोट फिरवलं, खाच लागते का ते पाहिलं. मग दुकानदाराला एकच प्रश्न, पिन (जॉइंटमधला आट्यांचा खिळा) कुठली? रेडियल. तेव्हा कुठे मान डोलावली, कारण रेडियल किंवा ३/८-१० किंवा युनिलॉक असली की उद्या दुसऱ्या कंपनीचा शाफ्ट त्याच बटवर चढवता येतो. बट एकदाच घ्यायचं, पैसे साठले की शाफ्ट बदलायचा, इथली कॉलेजची पोरं असंच करतात. मेझची पिन स्वतःची वेगळी असते, मेझचं बट घेतलं की शाफ्ट घेताना पण त्याच पिनचा शोधावा लागतो, पण वापरणारे इतके आहेत की सेकंड हँड सहज मिळतो. पुण्यात तसं नाही, म्हणून तिथे मी ते सुचवणार नाही.

वजनाचं फार मनावर घेऊ नको, १९ औंस म्हणजे ५४० ग्रॅमच्या आसपासचा घे, लांबी ५८ इंच ही नेहमीचीच. तुझी उंची सहा फूट आहे तरी चालेल.

आणि टिप! इथे टिपला 'फीथौ' म्हणतात, आणि टिप बदलायला लोक ठरलेल्या माणसाकडेच जातात, जसं आपण ठरलेल्या न्हाव्याकडे जातो. स्वस्त क्यूवर कंपनीची जी टिप येते ती बहुतेक वेळा एकाच चामड्याच्या तुकड्याची, एक तर दगड तरी नाहीतर पटकन पसरणारी. दागेने दुकानातच ती काढून कामुई कंपनीची थर असलेली मीडियम टिप बसवायला लावली. पुण्यात आम्ही क्लबात मार्करकडून एल्क मास्टर टिप लावून घ्यायचो, ती मऊ, स्नूकरला छान, पण पूलच्या जड बॉलवर ती लवकर चपटी होते. टिप बदलल्यावर पहिला स्क्रू, म्हणजे बॉल मागे आणायचा फटका, मारला तेव्हा पांढरा बॉल जसा मागे आला ना, मला वाटलं क्यूच दुसरा आहे. १२०० च्या वाकड्या क्यूवर ड्रॅगनला पैसे दिले होते त्यापेक्षा हे किती सार्थकी लागले.

तर मित्रा, साधा सरळ मेपलचा क्यू, नक्षी नको, पिन नेहमीची, आणि बजेटमधले दीड-दोन हजार टिपसाठी बाजूला काढ. केस कडक घे, पावसाळ्यात क्यू केसमधेच ठेव, भिंतीला टेकवून नको आणि गाडीत उन्हात तर अजिबात नको. आणि पैसे भरायच्या आधी जॉइंटचा जवळून फोटो मला पाठव, मी दागेला दाखवतो.