डीव्हीडी बर्निंगची नोंद: १६एक्सची डिस्क ४एक्सवर का बिघडते

या फेरीत एकच प्रश्न घेतला. १६एक्सची सिंगल लेयर डीव्हीडी+आर ४, ८, १२ आणि १६एक्सवर (एक्स म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या किती पट) बर्न केली, तर स्कॅनमध्ये, म्हणजे बर्ननंतर डिस्क वाचून मोजलेल्या चुकांमध्ये, नेमका काय फरक पडतो? ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हा सल्ला सीडीच्या सुरुवातीच्या काळातला. तेव्हा तो बरोबरही होता. आजच्या डिस्कला तो आंधळेपणाने लावला की बर्न बिघडतो आणि वेळ जातो तो वेगळाच.

आधी मोजमापाच्या अटी. चारही डिस्क एकाच स्पिंडलमधल्या हव्यात आणि मीडिया कोड, म्हणजे डिस्कवरच नोंदलेली उत्पादकाची खूण, सारखा हवा. डब्यावरच्या ब्रँडवर जाऊ नका, तोच ब्रँड वेगवेगळ्या कारखान्यांचा माल विकतो. इम्गबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये ब्लँक डिस्क टाकली की उजवीकडे कोड दिसतो: एमसीसी ००४ म्हणजे मित्सुबिशी केमिकल, युडेन००० टी०३ म्हणजे तायो युडेन, एमबीआयने सुरू होणारा म्हणजे ग्रेटर नोएडाची मोझरबेअर. यातल्या तायो युडेनने २०१५ अखेर हा धंदा सोडला आणि मोझरबेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मोडीत निघाली. त्यामुळे आपल्याकडे कपाटात पडून राहिलेला जुना ब्लँक माल अजून सापडतो, पण त्यासाठी रायटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) नव्याने काही सुधारणा होईल अशी आशा ठेवू नये.

डिस्क पूर्ण भरूनच बर्न करायची. अर्धी डिस्क बर्न करून १६एक्सबद्दल काहीही कळत नाही, कारण १६एक्स फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो. हा सीएव्ही बर्न असतो. फिरण्याचा वेग कायम, त्यामुळे आत २४ मिमी त्रिज्येवर साधारण ६.६एक्स आणि ५८ मिमीवर १६एक्स. कडेला तेव्हा मिनिटाला सुमारे ९,२०० फेरे होतात. ८एक्स सुरुवातीपासून ठेवायचा म्हटला तर आतल्या बाजूला ११,००० फेरे लागतील, म्हणून बरेच रायटर ६एक्सच्या आसपास सुरू करून मग ८ला चढतात. भरण्यासाठी इम्गबर्नचा डिस्कव्हरी मोड सोयीचा, इमेज फाइल लागत नाही.

स्कॅन नेहमी एकाच रायटरवर, एकाच स्पीडला. लाइट-ऑनचा आयएचएएस१२४ किंवा जुना बेनक्यू डीडब्ल्यू१६४० मिळाला तर उत्तम, ८एक्सवर स्कॅन. सगळे रायटर एररचे आकडे देत नाहीत, हे विकत घेण्याआधी बघा. सॉफ्टवेअर निरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल, लिनक्सवर क्यूपीएक्सटूल. तीन आकडे बघायचे: पीआयई म्हणजे वाचताना सापडलेल्या चुका, पीआयएफ म्हणजे त्यातल्या पहिल्या टप्प्यात दुरुस्त न झालेल्या, पीओएफ म्हणजे शेवटपर्यंत दुरुस्त न झालेल्या. मर्यादा लक्षात ठेवायच्या: सलग ८ ईसीसी ब्लॉकमध्ये (चुका दुरुस्त करायला डेटाचे पाडलेले गट) पीआयई २८० च्या आत, एका ब्लॉकमध्ये पीआयएफ ४ च्या आत, पीओएफ शून्य. २८० म्हणजे काठावर पास. चांगल्या बर्नमध्ये पीआयई बहुतेक वेळ दोन अंकीच राहतो. दोन रायटरांचे आकडे एकमेकांशी लावून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता आलेख.

१६एक्सला पहिला दोन-तृतीयांश भाग साफ, मग बाहेर जाताना पीआयई आणि जिटर (खुणांच्या कडा ठरल्या जागेवरून हलणं) दोन्ही चढतात. कारणं दोन. डिस्क किंचित जरी वाकडी असली तरी कडेला त्या वेगात डोलते आणि फोकस धरून ठेवणं अवघड जातं. शिवाय डाय, म्हणजे लेझरने ज्यावर खुणा उमटतात तो रंगाचा थर, फिरत्या डिस्कवर ओतून पसरवतात, त्यामुळे थराच्या जाडीत फरक पडायचा तो कडेलाच.

१२एक्सला हाच चढ आहे, पण सौम्य. ८एक्सला आलेख जवळजवळ सपाट.

४एक्सला गंमत. कडेचा चढ नाही, पण पूर्ण आलेखच वर सरकलेला: जिटर पहिल्यापासून जास्त, पीआयएफचे ठिपके सगळीकडे. डीव्हीडीवरची सर्वांत छोटी खूण ३टी, टी हे खुणेची लांबी मोजायचं एकक. ती उमटवायला १६एक्सला जेमतेम ७ नॅनोसेकंद मिळतात, ४एक्सला २९. डाय त्या झटक्यासाठी बनवलेला असतो. लेझर जास्त वेळ टेकला की बोरू कागदावर रेंगाळल्यावर शाई फुटते तशी खूण कडांना पसरते. हे टाळायला कमी स्पीडला लेझर एका सलग पल्सऐवजी तुकड्यातुकड्यांनी मारावा लागतो. तो आराखडा, म्हणजे राइट स्ट्रॅटेजी, फर्मवेअरमध्ये मीडिया कोड आणि स्पीडनुसार साठवलेला असतो. कंपन्या मेहनत घेतात ती ८ ते १६एक्सवर. ४एक्सची नोंद असलीच तर बऱ्याचदा सरधोपट असते. दुसऱ्या रायटरमध्ये त्याच डिस्कचा ४एक्स बर्न चांगलाही येऊ शकतो, म्हणून निकाल नेहमी रायटर आणि डिस्क या जोडीचा समजायचा.

वेळेचा हिशोबही १६एक्सच्या बाजूने फारसा नाही. पूर्ण डिस्कला ४एक्सवर १५ मिनिटं, ८वर ८ ते ९, १२वर साडेसहा, १६वर सहाच्या आत-बाहेर. १२ वरून १६ला गेल्याने मिनिटभरसुद्धा धड वाचत नाही. लग्नाच्या, मुंजीच्या शूटिंगच्या प्रती काढणाऱ्यांनी ८एक्सच धरावा. १२ फक्त घाई असेल तेव्हा.

आलेखात दिसणारी प्रत्येक गोष्ट स्पीडमुळे नसते, आणि इथेच बहुतेकांचं निदान चुकतं. एकच उंच, बारीक सुळका आणि आजूबाजूला सपाट म्हणजे ओरखडा, धूळ किंवा बोटाचा ठसा. डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही, आणि पुन्हा स्कॅन करा. ठसा असेल तर सुळका जातो. ठरावीक अंतरावर पायऱ्या दिसल्या तर रायटर झेड-सीएलव्हीवर, म्हणजे टप्प्याटप्प्याने स्पीड वाढवण्याच्या पद्धतीवर आहे, स्पीड बदलताना बर्न थांबून पुन्हा जोडला गेला आहे. अनियमित जागी सुळके असतील तर बफर (रायटरमधला डेटाचा तात्पुरता साठा) रिकामा झाल्याचा संशय घ्या. १६एक्सला सेकंदाला सुमारे २२ एमबी लागतात, यूएसबी २.०च्या जुन्या केसमधून किंवा त्याच हार्ड डिस्कवर कॉपी चालू असताना ते पुरत नाहीत. बफर अंडररन प्रोटेक्शनमुळे डिस्क फुकट जात नाही, पण प्रत्येक जोड स्कॅनमध्ये दिसतो. लागोपाठ बर्न करताना शेवटच्या डिस्कांचे आलेख खराब होत गेले तर लेझर तापला आहे. मे महिन्यात दुपारी बंद कॅबिनेटमध्ये हे हमखास होतं. दोन बर्नमध्ये दहा मिनिटं ट्रे उघडा ठेवा.

सीडी-आरसाठी थोडक्यात: ५२एक्सच्या डिस्कला १६ ते २४एक्स. सी१ (पहिल्या टप्प्यातल्या चुका) ची मर्यादा सेकंदाला २२०, सी२ (दुसऱ्या टप्प्यातल्या) शून्यच हवा. जुन्या डेकवर वाजवायच्या ऑडिओ सीडीसाठीही १एक्सच्या मागे लागू नका, आजचे बरेच रायटर या डिस्कला तो स्पीड देतच नाहीत.

ड्युअल लेयर पुढच्या फेरीत, सुरुवात एमकेएम ००३ या मीडिया कोडच्या डिस्कने, ४ आणि ६एक्स. तो आलेख वाचताना एक सवय बदलावी लागेल. दुसरा लेयर बाहेरून आत लिहिला जातो, त्यामुळे डिस्कची कड आलेखाच्या शेवटी नसून मध्यावर येते. मध्ये दोन्ही बाजूंनी उतरता उंचवटा दिसला तर लेयर ब्रेकला (एक लेयर संपून दुसरा सुरू होतो ती जागा) दोष देण्याआधी एक स्पीड खाली उतरून बघा.