ट्रेलर ओढायला ट्रक घेताय? आधी दारावरच्या स्टिकरचा फोटो मागा (माझा अनुभव)

गेल्या वर्षी आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतला आणि तो ओढायला पिकअप ट्रक. कर्ज, विमा, नोंदणी, नंबर प्लेट यांना लोक फार घाबरतात. आमचं ते सगळं सुरळीत पार पडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाडं अडलं ते एका लहानशा स्टिकरपाशी. ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर पिवळ्या पट्ट्याचं एक पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जायचं नाही, तो आकडा त्यावर किलो आणि पौंड अशा दोन्हींत छापलेला असतो. त्या स्टिकरचा एक फोटो मिळवायला मला इतका त्रास झाला की अजून आठवलं तरी चीड येते. आपल्यातल्या आणखी कुणाला हे सोसावं लागू नये, म्हणून लिहितोय.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून येणारे आई-बाबा. बाबांना गुडघ्यांमुळे तंबू जमत नाही, आईला बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर सोसत नाही. स्वतःची शेगडी, स्वतःचा संडास आणि खरा पलंग घेऊन यूटापर्यंत जायचं, हा विचार माझ्या बायकोचा. तिने आधी ट्रेलर पसंत केला. त्याचं रिकामं वजन ५,९०० पौंड, आणि भरून जास्तीत जास्त ७,६००. मग मी ट्रक शोधायला लागलो.

शोध सुरू केला की प्रत्येक जाहिरातीत एकच आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो: टोइंग कपॅसिटी, म्हणजे ट्रक किती वजन ओढू शकतो. मी बघत होतो त्या हाफ-टन (पिकअपमधल्या हलक्या वर्गातल्या) ट्रकवर ११,३०० पौंड लिहिलं होतं. ७,६०० चा ट्रेलर, ११,३०० चा ट्रक, मग अडचण कुठे? सेल्समनचंही तेच म्हणणं, "आरामात ओढेल."

ओढेल, यात वाद नाही. प्रश्न ट्रकच्या पाठीवर किती बोजा येतो याचा आहे. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यातून ट्रकच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर) दाबलं जातं. त्याला टंग वेट म्हणतात, आणि ते ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे स्टिकरवरच्या त्या आकड्यातून, वजा होतं. त्याच पेलोडमध्ये ड्रायव्हरसकट सगळी माणसं, मागच्या बेडमधलं (हौद्यातलं) सामान आणि खुद्द हिचही मोजायचा.

आमचा हिशेब मी कागदावर मांडला. मी १७५, बायको १४०, बाबा १६०, आई १३५, मुलगी ८५, मुलगा ६०. सहा जणांचे मिळून ७५५ पौंड. ट्रेलर पूर्ण भरलेला धरला तर ७,६०० च्या १३ टक्के, म्हणजे जवळपास ९९०. वजन पुढे-मागे वाटून देणारा हिच १००. बेडमध्ये खुर्च्या, कूलर, चाकांना लावायचे ठोकळे आणि हत्यारं १५०. एकूण १,९९५ पौंड. हा आकडा हातात आल्यावर मला डीलरकडून एकच गोष्ट हवी होती: त्या विशिष्ट ट्रकच्या दारावरचा आकडा.

खरा छळ इथून सुरू झाला. मी ईमेलवर फोटो मागितला, तर कंपनीच्या ब्रोशरची लिंक आली. ब्रोशरमधला पेलोड हा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या अवताराचा असतो: दोन दारांची केबिन, दोनच चाकांना जोर, आतली सजावट साधी. तसा ट्रक त्यांच्या लॉटवर नव्हताच. मी पुन्हा लिहिलं, तर खिडकीवरच्या कागदाचा फोटो आला. त्यावर किंमत होती, मायलेज होतं, जास्तीच्या सोयींची यादी होती, पण पेलोड नव्हता. फोन केला तेव्हा दुसऱ्याच माणसाने उचलला आणि "ट्रक अजून आहे, तुम्ही येऊन जा, इथे बघू" म्हणाला. मी म्हटलं, लॉटवर जाऊन दार उघडायचं, फोनने फोटो काढायचा आणि पाठवायचा, एवढंच काम आहे. तो हो म्हणाला. संध्याकाळी फोटो आला ट्रकच्या चामडी सीटचा.

त्यानंतर मॅनेजरचा फोन आला. त्याने मला समजावलं की पेलोडची काळजी माती-दगड वाहणाऱ्यांनी करायची, ट्रेलरवाल्यांनी टोइंगचा आकडा बघायचा. हे साफ चूक आहे, आणि दिवसभर ट्रक विकणाऱ्या माणसाने असं सांगणं मला आजही सहन होत नाही. त्याच्या शब्दावर एखादं कुटुंब सहा जणांना बसवून घाट उतरायला जाईल, मग जबाबदार कोण?

शेवटी शनिवारी सत्तर मैल गाडी हाकून मी स्वतः गेलो. सेल्समन किल्ली आणायला आत गेला. दार उघडंच होतं. मी वाकून वाचलं: १,४२० पौंड.

गरज १,९९५ ची, म्हणजे ५७५ पौंड कमी. तोच ट्रक, ज्याच्या जाहिरातीत ११,३०० लिहिलं होतं. ११,३०० चे १३ टक्के काढा: १,४६९. म्हणजे जाहिरातीतल्या वजनाचा ट्रेलर लावला, तर एकही माणूस न बसता स्टिकरचा आकडा ओलांडला जातो. अगदी कमीत कमी १० टक्के धरले तरी माणसं आणि सामान यांना मिळून २९० पौंड उरतात. मी हे कागदावर लिहून मॅनेजरसमोर ठेवलं. त्याने कागद बघितला आणि ट्रक किती महिन्यांच्या हप्त्याने घेणार, असं विचारलं. मी उठून बाहेर आलो.

हा आकडा ट्रकगणिक बदलतो, म्हणून तर फोटो लागतो. ट्रकचं एकूण परवानगीचं वजन ठरलेलं असतं. त्यातून तो कारखान्यातून निघताना जेवढा भरला तेवढं वजा केलं की उरतो तो पेलोड. फोर व्हील ड्राइव्ह, काचेचं छप्पर, विजेवर सरकणाऱ्या सीट, मोठी चाकं ही सगळी चैन पेलोडमधून कापली जाते. एकाच ओळीत उभे असलेले एकाच मॉडेलचे दोन ट्रक शेकडो पौंडांनी वेगळे निघू शकतात. शिवाय बेडचं झाकण, पायऱ्या असं काही डीलरने नंतर बसवलं असेल, तर ते वजन स्वतः वजा करा. टोइंगचा आकडाही हवेतून येत नाही; एसएई जे२८०७ नावाची ठरलेली चाचणी आहे, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढ एसी चालू ठेवून चढवतात. पण त्या चाचणीत ट्रकमध्ये माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. आमच्यासारखं सहा जणांचं घर त्यात धरलेलंच नाही.

हाफ-टनमध्येही जास्त पेलोडचे ट्रक असतात. फोर्डच्या एफ-१५० ला त्यासाठी वेगळं पॅकेज मिळतं. मला ते लॉटवर कुठे दिसलं नाही, आणि ऑर्डर देऊन थांबायची माझी तयारी नव्हती. मग मी थेट वरच्या वर्गाकडे वळलो: एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५००. इथेही एक मेख आहे. डिझेल इंजिन गॅसोलीनपेक्षा काही शे पौंड जड असतं. ट्रकचं परवानगीचं वजन १०,००० पौंडच असेल, तर डिझेलचा पेलोड तेवढ्याने खाली येतो. सात हजारांच्या ट्रेलरला डिझेलची गरज नाही, हे माझं ठाम मत आहे. आम्ही गॅसोलीनचा एफ-२५० घेतला. दुसऱ्या डीलरकडे काम करणाऱ्या मुलीने विचारल्यावर दहा मिनिटांत दाराचा फोटो पाठवला: ३,०५० पौंड. त्या फोटोसाठीच मी तिच्याकडून ट्रक घेतला.

सहा माणसांचं म्हणाल, तर पुढे बेंच सीट आहे याची खात्री करा. महागड्या ट्रिममध्ये (मॉडेलच्या प्रकारात) मधे कन्सोल येतो आणि जागा पाचच राहतात. आमचा एक्सएलटी ट्रिमचा आहे, कापडी सीटचा.

लायसन्सचं लोक विचारतात. ट्रक आणि ट्रेलरच्या परवानगीच्या वजनांची बेरीज २६,००१ पौंडांच्या खाली असेल, तर घरगुती वापरासाठी व्यावसायिक लायसन्स लागत नाही. आमची बेरीज १७,६०० आहे. कॅलिफोर्नियात मात्र ट्रेलर मागे असताना कमाल वेग ५५ मैल, हे लक्षात ठेवा.

ट्रेलर घरी आल्यावर पहिली गोष्ट काय करावी? काट्यावर न्यावा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. तीन फळ्या असतात: पुढचा ॲक्सल एकीवर, मागचा दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. बाबा नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते. उसाच्या जोड-ट्रॉल्या भरून आणि रिकाम्या मोजण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. काटा बघून ते लगेच म्हणाले, "एकदा जोडून घे, एकदा सोडून घे, फरक म्हणजे तुझा दांडा." टंग वेट काढायची नेमकी हीच पद्धत. हिचचे स्प्रिंग बार (वजन पुढे-मागे वाटणारे दांडे) सैल ठेवून, सगळ्यांना बसवून जोडलेलं वजन घेतलं: ट्रकचे दोन ॲक्सल मिळून ८,८४०. मग ट्रेलर बाजूला लावून नुसता ट्रक, तेच सहा जण बसलेले: ७,९६०. फरक ८८०. ट्रेलरच्या चाकांवर ६,१४०, म्हणजे ट्रेलर एकूण ७,०२०, आणि टंग वेट साडेबारा टक्के. ट्रेलरच्या ब्रोशरमध्ये हा दांडा ६४० पौंड लिहिला होता. तो बॅटरी, गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी यांच्याविना मोजलेला आकडा. बाबांनी पावती घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

बार ताणून तिसऱ्यांदाही वजन घ्या. ट्रेलर जोडला की ट्रकचं नाक उचललं जातं. आमच्या पुढच्या ॲक्सलवर ४,४०० होते, ते ४,०४० झाले. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग सैल पडतं. बार ताणल्यावर ४,२४० पर्यंत आलं, आणि तेव्हा हायवेवर गाडी सरळ चालायला लागली.

पाण्याचं सांगायचं राहिलं. गॅलनला ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पौंड फुकट वाहताय. कॅम्पग्राउंडवर नळ असेल तर टाकी तिथेच भरा. जड सामान ट्रेलरच्या शेपटीकडे ठेवू नका. दांडा हलका होतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. डुललाच, तर ॲक्सिलरेटर सोडा, ट्रकचा ब्रेक दाबू नका, डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही कळ रिकाम्या पार्किंगमध्ये आधी वापरून बघा, म्हणजे वेळ आल्यावर हात तिथे आपोआप जाईल. ट्रेलरच्या टायरची हवा थंड असताना तपासा आणि त्यांची वेगमर्यादा बघा. बऱ्याच एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरना ६५ मैलच असते.

यूटातल्या मोआबला जाताना आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा लागतो, ११,००० फुटांच्या वर. चढताना इंजिन ओरडतं, तिकडे लक्ष देऊ नका, उजव्या लेनमधून जा. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार आहे, ब्रेक तापलेल्या ट्रकसाठी खडीचे रॅम्प ठेवलेले आहेत. टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायचा गिअरचा मोड) लावून उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणा, ब्रेक अधूनमधून दाबून सोडा. आम्ही उतरलो तेव्हा मागे आई मुलांना गोष्ट सांगत होती आणि तिचा आवाज कुठे थांबला नाही. १,४२० च्या ट्रकने हा उतार मी कधीच उतरलो नसतो.

डीलरला पाठवायचा निरोप एवढाच ठेवा: व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक), ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो, आणि हिचवर लिहिलेल्या मर्यादेचा फोटो. हा तिसरा विसरू नका. मी पाहिलेल्या हाफ-टन ट्रकच्या हिचवर वजन वाटणारे बार नसतील, तर दांड्याची मर्यादा ५०० पौंड लिहिलेली होती. तिन्ही गोष्टी आल्याशिवाय घरातून निघू नका.