फॉन्ट तपासणी, भाग दुसरा: ॲ पकडला, पुऱ्यांनी रडवलं

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीत प्रसादाची यादी टाइप करायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात, म्हणून यंदा म्हटलं जमवलेल्या फॉन्टांपैकी एखादा झोकदार वापरू, पण आधी तो अख्खी देवनागरी लिहितो का ते बघू.

लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या रायटरमधे इन्सर्टमधलं स्पेशल कॅरेक्टर उघडून फॉन्ट निवडला की फॉन्टात असलेलीच अक्षरं दिसतात. सोपंय, पण काय नाहीये ते शोधताना डोळे फुटतात. म्हणून त्याच्याच कॅल्क या स्प्रेडशीटमधे तक्ता केला. युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीचा ब्लॉक ०९०० ते ०९७एफ (हे आकडे सोळाच्या पायातले), म्हणजे १२८ जागा, आडवे १६ उभे ८ बरोबर बसतात. क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या युनिचार फंक्शनला दशमान आकडा लागतो, तेव्हा सुरुवात २३०४ पासून. मात्रा एकट्या टाकल्या की टिंबांचं वर्तुळ घेऊन येतात, त्यांच्या आधी क जोडला. आणि फॉन्ट बदलताना सेलच्या फॉरमॅटमधे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटखालचा (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा) बदलायचा, वरचा वेस्टर्न बदलत बसलात तर देवनागरी ढिम्म हलत नाही (माझी वीस मिनिटं यातच गेली).

तक्ता गच्च भरला, अक्षर नसलं की दिसणारा रिकामा चौकोन एकही नाही! खूश झालो, चहा टाकला, परत येऊन बघतो तर २४१८ वरच्या ॲची शिरोरेषा शेजाऱ्यांपेक्षा बारीक आणि केसभर वर. फॉन्टात तो नव्हताच, ऑफिसने गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून उसना आणला होता. साहजिक आहे म्हणा, ॲ युनिकोडमधे आला २००८ साली, ५.१ मधे, आणि हा फॉन्ट त्याच्या आधीचा.

उसनवारी पकडायची युक्ती सापडली ती अशी, शीटमधली इंग्रजी लेबलं काढायची, पीडीएफ करायची आणि पीडीएफ रीडरच्या प्रॉपर्टीजमधे फॉन्टांची यादी बघायची. एकच नाव हवं. माझ्याकडे दोन निघाली.

बरं, ॲ शिवाय भागेल, यादीत ॲपल थोडीच आहे, म्हणून यादी टाइप करायला घेतली आणि पहिल्याच ओळीत पुऱ्या. छापून आलं काय तर टिंबासकट ऱ, खाली पाय मोडलेला, बाजूला अख्खा या. तक्त्यात ऱ होता की २३५३ वर! पण पुऱ्यांत लागतो तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, त्याला स्वतःचा कोडच नाही, ऱ आणि हलन्त मिळून फॉन्टाने तो घडवायचा असतो. कोडाकोडाने तपासणारा तक्ता ते कुठून पकडणार? हे आधी सुचायला हवं होतं राव.

आता दुसऱ्या शीटवर नुसते शब्द टाकलेत: पुऱ्या, कैऱ्या, दऱ्या, वऱ्हाड, गऱ्हाणं. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्ता' फॉन्टमधे, आपल्या मुंबईचाच तो, पाचही नीट आले. यंदाची यादी त्यातच जातेय, झोकदारपणा गेला खड्ड्यात. उरलेले अकरा फॉन्ट पुढच्या रविवारी.