तुम्ही विचारलंत म्हणून : बुडून मृत्यू

"मॅडम, खरं सांगा, पोलीस सांगतात तेच तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिता ना?"

मी गोव्यात शवविच्छेदन करणारी डॉक्टर होते. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताखाली, बसले असताना मला हे विचारलं गेलंय. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा २००८चं हणजूण असतं. किनाऱ्यावर पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मृत सापडली, पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हटलं, आई हटून बसली म्हणून दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं आणि अंगावर पन्नासहून अधिक जखमा निघाल्या. २०१६ मध्ये दोघेही संशयित निर्दोष सुटले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या प्रकरणाशी माझा काही संबंध नव्हता. तरी तेव्हापासून गोव्यातल्या प्रत्येक 'बुडून मृत्यू'कडे लोक संशयाने बघतात, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही.

माझं उत्तर ठरलेलं असायचं : नाही. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही पोलिसाने 'असं लिहा' म्हटलेलं नाही. हे खरं आहे, आजही शपथेवर सांगेन. पण अलीकडे हे उत्तर देताना मला तो जून महिना आठवतो आणि वाक्य तोंडातच अडतं.

बारा-तेरा वर्षं झाली. पावसाचे पहिले आठ दिवस. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून सव्वीस वर्षांच्या मुलाचा मृतदेह आला. सोबत एक हवालदार, तो घटनास्थळी गेलेलाच नव्हता. त्याचं काम मृतदेह पोचवून सही घ्यायचं. पंचनामा इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर मजकूर एवढाच : मयत रात्री चढणीचे मासे पकडायला गेला असता पाय घसरून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पडला व बुडाला असावा. अंगावर जखमा नाहीत. कोणावर संशय नाही. खाली दोन पंचांच्या सह्या.

मी मृतदेह उघडला. नाकातोंडाला फेस, फुगलेली जड फुप्फुसं, श्वासनळीत बारीक वाळू, पोटात गढूळ पाणी. बुडण्याची याहून स्पष्ट लक्षणं मी क्वचितच पाहिली असतील. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर दोन लहान करडे खळगे होते, कडा किंचित उचललेल्या. रात्रभर पाण्यात राहिलेल्या हाताची कातडी सुरकुतून पांढरी पडते, खेकडे कुरतडतात. असे हात मी शेकड्यांनी पाहिले होते. मी लिहिलं : मृत्यूनंतरच्या, जलचरांमुळे संभाव्य. कातडीचा तुकडा कापून पुढच्या तपासणीसाठी फॉर्मलिनमध्ये ठेवायला दोन मिनिटं लागतात. मी ठेवला नाही.

अकराच्या सुमारास पीएसआयचा फोन आला. "मॅडम, तसं काही नाही ना?"

"नाही. बुडालेलाच दिसतोय."

"मग आम्ही यूडीच ठेवतो." यूडी म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद, गुन्हा नाही.

पोलीस आणि डॉक्टर यांच्या सहकार्याबद्दल तुम्ही विचारता ना, त्या दिवशीचं आमचं सहकार्य हे एवढं. त्याने मला काय लिहायचं ते सांगितलं नाही, मी त्याला काय मानायचं ते सांगितलं नाही. तो माझ्या रिपोर्टवर विसंबून होता आणि मी त्याच्या पंचनाम्यावर. पाण्यातून त्याला कुणी काढलं, बरोबर कोण होतं, मासे कशाने पकडत होते, यातलं काहीही मी विचारलं नाही.

चार महिन्यांनी मुलाचा भाऊ आईला घेऊन माझ्याकडे आला. त्या रात्री मासे पकडायला व्हाळात करंट सोडला होता, असं तो म्हणाला. जवळच्या कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पंपाच्या खोलीतून वायर ओढून बांबूला बांधलेली. मुलगा कोसळल्यावर बरोबरच्यांनी आधी वायर गुंडाळून नेली आणि मग आरडाओरडा केला. पंप ज्याचा होता, तोच पंचनाम्यावर पंच होता. कायद्याला शेजारपाजारचे दोन प्रतिष्ठित लोक पंच म्हणून लागतात. त्या वाड्यावर प्रतिष्ठित म्हणजे तोच.

आई इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, "दोतोर बाय, कागदार किदें बरयलां?"

"बुडून," मी म्हटलं.

"ताका पोंवूंक येतालें," ती म्हणाली. त्याला पोहता येत होतं. एवढंच.

भावाने पोलिसांत अर्ज दिला. पोलिसांनी मला पत्र पाठवलं : विजेच्या धक्क्याने मृत्यूची शक्यता आहे काय? मी जुने फोटो काढले. त्यात हात आहे, पण मूठ अर्धवट मिटलेली. दहन होऊन गेलेलं, कातडी नाही. मी उत्तर दिलं : शक्यता नाकारता येत नाही, तथापि निश्चित मत देता येत नाही. वायर कुणालाच सापडली नाही. फाईल यूडीच राहिली. विजेचा धक्का सिद्ध झाला असता तर निष्काळजीपणाने मृत्यूचा, निदान ३०४-अ चा गुन्हा लागू शकला असता.

आता माझी बाजूही ऐका. मी लिहिलं ते खोटं नव्हतं. घरातली २३० व्होल्टची वीज ओल्या शरीरातून गेली तर काही मिलिअँपियरनेच स्नायू आखडतात, माणसाला वायर सोडता येत नाही. शुद्ध हरपून तो श्वास चालू असतानाच पाण्यात पडला, तर बुडूनच मरतो. फेस, वाळू, फुप्फुसं, सगळं अगदी तसंच दिसतं. आणि पाण्यात कातडीचा रोध इतका उतरतो की पुष्कळदा विजेची खूण उमटतच नाही. त्या दिवशी माझ्यापुढे पाच मृतदेह होते, बाहेर पावसात एका कुटुंबाची शववाहिका ताटकळत होती. कुठल्याही डॉक्टरने तेच लिहिलं असतं.

हे सगळं मी त्या वर्षी स्वतःला सांगत असे. आजची मी त्या तेव्हाच्या मला म्हणते, खूण उमटत नाही हे बरोबर, पण तुझ्यासमोर उमटली होती. तू तिला खेकड्याचं नाव दिलंस, कारण कागदावर व्हाळ लिहिलेला होता. कागदावर वायर लिहिलेली असती तर तीच खूण तुला लगेच ओळखू आली असती. यावर ती तेव्हाची मी म्हणते, मग वायर लिहिणं कुणाचं काम होतं? इथे आमचं भांडण थांबतं, मिटत नाही.

आपल्याकडे मृत्यूचा तपास पोलिसांच्या हातात आहे. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आहे; आशय जवळपास तोच. पोलिसांनी लेखी मागितल्याशिवाय मी मृतदेहाला सुरी लावू शकत नाही, साक्षीदाराला बोलावू शकत नाही, हक्काने घटनास्थळी जाऊ शकत नाही. मुंबईत १९९९पर्यंत कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी, होता, तोही गेला. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी मेडिकल एक्झामिनरची, म्हणजे मृत्यूचा तपास करणाऱ्या डॉक्टर-अधिकाऱ्याची, स्वतःची माणसं जागेवर जातात. इथे कोठडीत मृत्यू झाला किंवा लग्नाला सात वर्षं न झालेली बाई गेली, की दंडाधिकारी चौकशीत येतो. व्हाळात सापडलेल्या मुलासाठी फक्त पंचनामा आणि मी.

पण जाता येत नाही हेही अर्धंच खरं. पोलिसांनी बोलावलं तर जाता येतं, आणि मी एकदा गेलेही. भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीघरात एक तरुण जोडपं मृत सापडलं होतं, विषाचा संशय होता. नवीन आलेला पीएसआय म्हणाला, "मॅडम, एकदा बघून जा." दार उघडलं, तर वर गॅसचा गीझर आणि खिडकी पुठ्ठ्याने बंद. मृतदेहांवरची लालसर झाक आधीच दिसली होती. कार्बन मोनॉक्साइड, दहा मिनिटांत कळलं. त्याच्या जागी दुसरा असता तर दोन्ही घरची माणसं महिनोन्‌महिने एकमेकांवर विषाचा आरोप करत बसली असती.

त्या जूननंतर मी एक कागद तयार केला : शेवटचं कुणी पाहिलं, पाण्यातून कुणी काढलं, आसपास वीज, औषधं, वायर आहे का, जागेचे फोटो, बुडालेला असेल तर तिथल्या पाण्याची बाटली. काही ठाण्यांतून तो भरून यायचा, काहींतून कोरा. कोरा आला की मी 'मत राखून ठेवले' लिहायला लागले, व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी अवयवांचे नमुने, ठेवायला लागले. त्यानेही माणसं भरडली. एका विधवेच्या विम्याचे पैसे दीड वर्ष अडकले, केवळ मी कारण लिहिलं नव्हतं म्हणून, आणि शेवटी व्हिसेऱ्यात काहीच निघालं नाही. ती दर महिन्याला यायची. तिच्यासमोर सावधपणाचं समर्थन करणं फार कठीण होतं.

गेल्या वर्षी त्या मुलाच्या भावाचा फोन आला. मी निवृत्त झाले हे त्याला माहीत होतं. नवीन कायद्याखाली प्रकरण पुन्हा उघडता येईल का, विचारत होता. वकील गाठ, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज कर, असं मी सांगितलं.

"तुम्ही साक्षीला याल?"

"येईन."

"काय सांगाल?"

मी म्हटलं, लिहून दिलंय तेच. शक्यता नाकारता येत नाही.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई आता ऐकायला येत नाही म्हणते. पण हे तिला सांगतो." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.