आमची वाटचाल : कांद्याच्या मुळांपासून मानवी पेशींपर्यंत

वनौषधींच्या अर्कांचा पेशीविभाजनावर काय परिणाम होतो, हे तपासून देणारी आमची छोटी प्रयोगशाळा कांद्याच्या मुळांवर सुरू झाली. भांडवल तुटपुंजे होते हे खरे. पण कांद्याची 16 गुणसूत्रे आकाराने मोठी असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ठळक दिसतात, आणि 1938 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ आल्बर्ट लेव्हान यांनी पेशीविभाजन अडवणाऱ्या कोल्चिसिन या वनस्पतिजन्य द्रव्याचा परिणाम याच मुळांवर दाखवल्यापासून ही चाचणी जगभर रुळलेली आहे.

पाण्यात फुटलेली मुळे अर्काच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवायची, त्यांची टोके अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करायची, मग आम्लात मऊ करून, रंगवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबायची, इतपत काम हाताला लवकर बसते. कस लागतो तो मोजणीत. म्हणूनच कोणती पट्टी कोणत्या द्रावणाची, हे मोजणाऱ्याला कळू न देण्याचा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला.

ग्राहकांना बहुधा एकच आकडा हवा असतो : शंभरांतल्या किती पेशी विभाजनात आहेत? मात्र हा आकडा, म्हणजे विभाजनांक, एकटा फसवा आहे. सदाफुलीतील विन्क्रिस्टीन किंवा कळलावीतील कोल्चिसिन तर्कुतंतू, म्हणजे विभाजनात गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागे, बनू देत नाही. पेशी मध्यावस्थेतच अडकून पडतात आणि विभाजनांक उलट वाढलेला दिसू शकतो. त्यामुळे कोणत्या अवस्थेत किती पेशी आहेत, विभागणाऱ्या पेशीच्या दोन टोकांमध्ये ताणलेले गुणसूत्रांचे पूल, तुटके तुकडे, मागे रेंगाळलेली गुणसूत्रे किंवा सूक्ष्मकेंद्रके (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेल्या गुणसूत्रांची छोटी केंद्रके) दिसतात का, हे सारे आम्ही वेगवेगळे नोंदवतो. मुळांची वाढ खुंटली, तर अर्काची आम्लता आणि विद्रावकाचा परिणामही तपासावा लागतो. केवळ विद्रावक असलेले नियंत्रण, म्हणजे तुलनेसाठीचा अर्काविना नमुना, नसेल, तर त्या निष्कर्षाला आमच्या लेखी किंमत नाही.

काम वाढले तशी मानवी लिम्फोसाइट (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींवरील सूक्ष्मकेंद्रक चाचणीची जोड दिली. काही संयुगे यकृतात रूपांतर झाल्यावरच घातक ठरतात, म्हणून ही चाचणी यकृतातील विकरांसह आणि त्यांच्याविना, अशी दोन्ही प्रकारे करावी लागते. गडद रंगाचे, टॅनिनयुक्त अर्क येथे फार छळतात. पेशी जिवंत आहेत का, हे रंगबदलावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीत असे अर्क स्वतःच तो रंगबदल घडवतात आणि मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. तेथे आम्ही पेशीविरहित नियंत्रण ठेवतो.

अहवालात ‘पूर्णतः सुरक्षित’ असे लिहून द्यावे, हा आग्रह वारंवार होतो. त्यापायी एक मोठे काम हातचे गेलेही. वनस्पतीचा कोणता भाग, कोणते विद्रावक, कोणती खेप आणि किती तीव्रतेपर्यंत गुणसूत्रांना इजा आढळली नाही, एवढेच आम्ही लिहितो. मुळाच्या जलीय अर्काचा निकाल पानांच्या अल्कोहोली अर्काला लावता येत नाही, त्यामुळे खेप किंवा प्रक्रिया बदलली की नमुना पुन्हा मागवतो.