पक्षी पाहणाऱ्यांची पोटापाण्याची कामे

गोव्यात दोन अनोळखी माणसे भेटली की प्रथम गाव विचारले जाते, मग वाडा, मग कुळाचा देव, आणि एवढे करूनही ओळख लागली नाही तरच नोकरीधंद्याची चौकशी होते. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या लहानशा गटात तर ही चौकशी कित्येक वर्षे झालीच नव्हती. रविवारी पहाटे करमळीच्या तळ्यावर जमायचे किंवा रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जायचे, दिसतील ते पक्षी वहीत नोंदवायचे आणि ऊन चढले की आपापल्या घरी परतायचे, असा आमचा शिरस्ता होता. दुर्बीण डोळ्यांना लावलेला माणूस सोमवारी मामलेदार कचेरीत बसतो की कोणाच्या पेढीवर, याच्याशी कोणाला कर्तव्य नसे. हुद्द्यांची उतरंड निदान तळ्याच्या काठावर तरी नसावी, हा त्यामागचा विचार चांगलाच होता. तरीही ही प्रथा मोडली याचे मला समाधान आहे, कारण माणूस काय काम करतो हे कळल्यावाचून त्याने केलेली नोंद नीट वाचता येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांच्यापासून याची सुरुवात झाली. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 साली घोषित झालेले हे 178 हेक्टरांचे क्षेत्र जवळजवळ सगळेच खारफुटीचे आहे. तेथे आणि मांडवीच्या काठाकाठाने चिखल उघडा पडला की तुतवार आणि चिखल्या हे काठावरचे लहान पक्षी चरायला उतरतात, आणि पाणी चढू लागले की उरलेल्या अरुंद पट्टीवर ते दाटीने गोळा होतात. मोजणीसाठी हीच वेळ सर्वांत सोयीची असते. भरती-ओहोटीचे कोष्टक आमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात असे; परंतु ते बंदराच्या तोंडाशी येणाऱ्या भरतीचे असते, नदीच्या आत तीच भरती उशिरा पोहोचते, आणि शिवाय रोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दादा मात्र कोष्टकाकडे न पाहता अमुक वळणावर पाणी केव्हा फिरेल हे सांगत, आणि ते बहुधा बरोबर निघे. एकदा फेरीबोटीवर कोणीतरी त्यांना सरळच विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, आपण दोन दशकांहून अधिक काळ खनिजाच्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर होतो आणि अखेरची वर्षे मास्टर, म्हणजे तिचे कप्तान होतो.

पुढे ते जे सांगू लागले, ते ऐकता ऐकता आमची चोडणची फेरी त्या दिवशी अर्धी बुडाली आणि कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही. आतल्या धक्क्यांवरून लोहखनिज भरायचे आणि मांडवीतून मुरगाव बंदरात न्यायचे, हा बारमाही मार्ग नव्हे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूची पट्टी आणि खवळलेला समुद्र यांमुळे ती वाट बंद होते. मग दोन नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरायचे. पाण्याचा अंदाज चुकला तर भरलेली बार्ज वाळूवर बसते, म्हणून पाणी ओळखणे हा तेथे पगाराचाच भाग असतो. कालव्यातील मगरी, पाण्यातील तरंगत्या बोयांवर ओळीने बसणारे सुरय पक्षी, झाडाच्या शेंड्यावरून पाण्यावर नजर ठेवणारा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, हे सारे त्यांनी सुकाणूमागून वर्षानुवर्षे पाहिले होते. नावे तेवढी त्यांना ठाऊक नव्हती.

नावे शिकायला त्यांना वेळ मिळाला तो 2012 साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि नदीतील बार्जी जागच्या जागी नांगरून पडल्या. 2014 साली बंदी उठली, परंतु फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. दादांनी याबद्दल तक्रारीचा सूर लावला नाही, आणि खाणींनी डोंगरांचे आणि शेतांचे काय केले हेही त्यांनी लपवले नाही. घरी बसवेना म्हणून आपण नदीकाठी जाऊन बसू लागलो आणि तेथे तुमच्यासारखी माणसे दुर्बिणी घेऊन उभी दिसली, एवढेच ते म्हणाले. आमच्यात खाणविरोधी आंदोलनाच्या सभांना जाणारेही आहेत. त्या दिवसापासून त्यांचे दादांशी वाद होतात आणि ते ऐकण्यासारखे असतात, कारण आता दोन्ही बाजूंना समोरच्याचे बोलणे कोठून येते हे माहीत आहे.

दादांची हकीगत ऐकताना मला स्वतः सलीम अली आठवले. 1914 साली ते ब्रह्मदेशात तवॉय येथे भावाबरोबर वुल्फ्रॅमच्या, म्हणजे टंगस्टनच्या खनिजाच्या, खाणीच्या व्यवसायात गेले होते, आणि तो व्यवसाय बसला. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून मिळालेली नोकरी, ते जर्मनीत शिकून परत येईपर्यंत, पदच रद्द झाल्यामुळे गेली. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तेथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे जे निरीक्षण केले, ते 1931 साली प्रसिद्ध होऊन त्यांचे नाव झाले. बेकारीचे उदात्तीकरण मला करायचे नाही, कारण घरचे कोणीतरी सांभाळून घेणारे असल्यावाचून असा रिकामा काळ कोणालाच परवडत नाही. परंतु पक्ष्यांचा अभ्यास आपल्याकडे पहिल्यापासून अशाच पोटापाण्याच्या कडेकडेने झाला आहे. इंग्रजी अमलातील पक्षीअभ्यासकांपैकी जर्डन सैन्यातील शल्यवैद्य होता. ह्यूम मुलकी अधिकारी होता आणि काही काळ जकात खात्याचा आयुक्त होता, त्यामुळे सरकारी फिरतीवरच त्याला मुलूखभरचे पक्षी पाहता आले. स्टुअर्ट बेकर पोलीस खात्यात होता, आणि दुसऱ्याच्या घरट्यात गुपचूप अंडे ठेवणाऱ्या कोकिळकुळाचा माग त्यानेच चिकाटीने काढावा, हे मला फार साजेसे वाटते. 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी स्थापन केली, त्यांतील दोघे भारतीय, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन, दोघेही डॉक्टर होते.

दादांनंतर इतरांचीही तोंडे उघडली, आणि सगळेच काही इतके सुरळीत झाले नाही. आमच्यातील एक जण वीज खात्यात लाइनमन आहे, हे कळल्यावर प्रथम सर्वांना कौतुक वाटले. मग त्याने सांगितले की, पावसाळ्याच्या तोंडावर खांबांवरील कावळ्यांची घरटी उतरवणे हे त्याच्या कामात येते, कारण कावळे घरट्यात तारांचे तुकडे विणतात आणि त्यांमुळे वाहिनीवरचा पुरवठा वारंवार खंडित होतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीला हे सहन झाले नाही आणि तिने तेथल्या तेथे त्याला खडसावले. तो शांतपणे म्हणाला, "घरटे काढले नाही तर आधी कावळाच जळतो, बाय, आणि मग गावाचा उजेड जातो." चैत्रात घरट्याच्या पहिल्या काटक्या दिसताच खांब मोकळा केला तर पिलांवर वेळ येत नाही, हे त्याचे म्हणणे होते; अडचण एवढीच की, तेव्हा खात्याकडे माणसे नसतात आणि तक्रारी आल्याखेरीज कोणी खांबाकडे वर पाहत नाही. ही माहिती कोणत्याही पक्षीपुस्तकात सापडणार नाही, आणि छंदाच्या गटात ती सांगण्यासाठी त्याला जे धैर्य लागले असेल, त्याची किंमत आम्ही त्या वेळी पुरेशी केली नाही, असे मला वाटते.

एक परिचारिका रात्रपाळी संपवून थेट करमळीला येतात. त्या कामाविषयी जवळजवळ काहीच बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. प्रत्येकाने आपल्या आयुष्याचा हिशेब मांडलाच पाहिजे, असा आग्रह धरणारे गट मला आवडत नाहीत. परंतु त्यांच्या कामातील एक पद्धत त्यांनी न सांगता आमच्या वहीत आणली. पाळी सोपवताना पुढच्या व्यक्तीसाठी जसे लिहून ठेवतात, तसे त्या पानाच्या तळाशी लिहितात: जांभळी पाणकोंबडी पाय धरून चालते आहे, पुढच्या वेळी पाहावे, अडई बदकांचा थवा उत्तरेच्या काठावरून हलला आहे, कारण शोधावे. पूर्वी आमची वही म्हणजे नुसती नावांची आणि आकड्यांची यादी होती. मी पतसंस्थांचे लेखापरीक्षण करतो, त्यामुळे "अंदाजे दोनशे" असे कोणी लिहिले की, हे मोजले कोणी, असे विचारल्यावाचून मला राहवत नाही. हा प्रश्न पूर्वी खवचट वाटे. आता तो माझ्या धंद्याचा आहे असे धरून लोक निमूटपणे पुन्हा मोजतात.

या वर्षी त्या मुलीने लाइनमनकडून त्याच्या हद्दीतील खांबांचे क्रमांक मागून घेतले आहेत. चैत्र लागला की ती दर रविवारी ते खांब पाहून घरट्याची सुरुवात कोठे झाली आहे हे त्याला कळवणार आहे, आणि तो ते खात्याच्या नोंदवहीत तक्रार म्हणून चढवणार आहे.