वाघ सगळ्यांनाच हवा असतो

मंगळवार, रात्र

नखांतून गोंदाचे पापुद्रे अजून निघतायत. आज वर्गात मुलांबरोबर टाकाऊ वस्तूंतून प्राणी करायला घेतले. आधी प्राणी ठरवायचा नाही, वस्तू उलटीसुलटी करून ती कुणासारखी दिसते ते बघायचं, एवढंच सांगितलं होतं. तरी तिघांनी वाघाचं चित्र काढूनच ठेवलं. वाघ सगळ्यांनाच हवा असतो! त्यांना दुपारभर ढिगात वाघाची पाठ काही सापडली नाही.

उलट एका अबोल मुलीनं गंजलेली सांडशी दोनदा उघडमिट केली आणि म्हणाली, "बगळा." चोच झाली. छत्रीच्या काड्यांचे पाय झाले, पण बगळा तोंडावर पडायचा. शेवटी पाय मातीनं भरलेल्या डब्यात रोवले.

बाटल्यांची झाकणं मात्र गोंदाला दाद देत नाहीत. ते प्लॅस्टिक गुळगुळीत, त्यावर काही धरतच नाही. भोकं पाडून तारेत ओवली, तेव्हा कुठे मगरीची पाठ झाली, आणि ती हलायलाही लागली.

सगळ्यात जास्त वेळ घोड्याच्या मागच्या पायावर गेला. तार वाकवताना मुलं अडली, "बाई, ह्याचा गुडघा उलटा का?" तो गुडघा नव्हेच, टाच आहे. घोडा बोटाच्या टोकावर उभा असतो आणि खरा गुडघा वर, पोटाजवळ. मग सगळा वर्ग टाचा उचलून चालून बघत होता. चित्र काढताना हा प्रश्न कधी कुणी विचारलेला नाही. तार वाकवायची म्हटलं की सांधा कुठे ते ठरवावंच लागतं.

वाघवाल्यांनी शेवटी खोक्यांचा वाघ उभा केला आणि सगळ्यावर पिवळा रंग फासायला निघाले. मी अडवलं. खोकं खोकंही दिसायला हवं, ह्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. पिकासोनं १९४२मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून केलेलं बैलाचं डोकं फोटोत दाखवलं. बैलही दिसतो, सायकलही.

त्यातला एक म्हणाला, "पण खाली तर लिहिलंय, नंतर त्यानं ते ब्राँझमध्ये ओतलं. म्हणजे सगळं एकाच रंगाचं झालं ना?"

झालं खरं. आकार तर लपला नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. पिवळा रंग उद्या आणायचं कबूल केलंय. छोटी डबी.